तव्याचा चटका आणि डॉ. भाऊ दाजी

कोलशेतला आमच्या वस्तीत एका ताईच्या मनगटावर फिकट चट्टा होता, वर्षभर बांगड्यांखाली लपवलेला. तव्याचा चटका बसून फोड आला तरी तिला कळलं नाही. मी म्हटलं, उद्या दवाखान्यात चल. ती म्हणाली, "सिस्टर, रोगाचं नाव निघालं तर नवरा सोडील."

तिची भीती खोटी नव्हती. हिंदू विवाह कायदा आपल्या बौद्ध घरांनाही लागू आहे, आणि त्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून 2019 पर्यंत लिहिलेलं होतं. आता ते काढलंय. पण हे वस्तीत कुणी सांगितलं?

अशा वेळी मला डॉ. भाऊ दाजी लाड आठवतात. राणीच्या बागेतलं त्यांच्या नावाचं म्युझियम आपण मुलांना दाखवतो, पाटी वाचतो आणि पुढे जातो. गोव्यातल्या मांद्र्याच्या गरीब घरातला हा मुलगा 1851 साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाला. 1869 आणि 1871 असा दोनदा मुंबईचा शेरीफ झाला. अजिंठ्याच्या लेण्यांतले शिलालेख त्यांनी वाचले, त्यांचं भाषांतर केलं. आपण अजिंठ्याला बस भरून जातो, तिथे हे नाव कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

नर्स म्हणून मला त्यांचं मोठेपण मात्र वेगळ्याच गोष्टीत दिसतं. एवढ्या मानाचा माणूस, पण लोक ज्या रोग्यांची सावली टाळत त्यांच्यासाठी औषध शोधत बसला. कडू कवठाच्या बियांचं तेल त्यांनी वापरून पाहिलं. त्या तेलाने रोग मुळापासून जात नव्हता, पण 1940 नंतर नव्या गोळ्या येईपर्यंत जगभर हाच आधार होता. भाऊ दाजी 1874 मध्येच गेले.

आज सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्या सुरू झाल्या की लागण थांबते. ताट वेगळं करायचं कारण नाही, घर सोडायचं तर नाहीच. उशीर केला तर मात्र बोटं वाकडी होतात, आणि ती गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

माझी तक्रार ताईवर नाही, आपल्या शिबिरांवर आहे. विहारात साखर तपासतात, बीपी बघतात, अंगावरचे चट्टे कुणी बघत नाही. बायकांसाठी एक आडोसा आणि एक सिस्टर, एवढंच लागतं. येत्या पौर्णिमेला पडदा मी घेऊन येते. जागा समितीने द्यावी.