वाम नेमका कोणता?

आपल्या करकंब भागात भीमेत वाम मासा सापडतो आणि मुंबईच्या बाजारातही वाम विकला जातो. दोन्ही सापासारखे लांब. पण सख्खे सोडाच, चुलतभाऊही नव्हेत! भीमेतल्या वामाच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते. त्याचे शास्त्रीय नाव मॅस्टासेम्बेलस आर्मेटस. समुद्री वामाला असे काटे नसतात. तो कॉंगर ईलच्याच गणातला, पण म्युरिनेसोसिडी या वेगळ्या कुळातला. त्यातही एकाहून अधिक जाती 'वाम' म्हणूनच विकल्या जातात.

माझ्या मते वर्गीकरण ही केवळ पाठांतराची बाब नव्हे. मासेमारीच्या नोंदीत नुसते 'वाम' लिहिले, तर त्यातली एखादी जात संपत आली तरी आकड्यांवरून कळणार नाही. विद्यार्थीमित्रांनो, स्थानिक नाव जरूर जपा. पण त्याशेजारी शास्त्रीय नाव आणि ओळखीची खूणही लिहा.