हक्कांची इंटर्नशिप परवडते कुणाला?

‘ओजेटीचं काय केलंस?’ कँटीनमध्ये सध्या ‘हाय’ऐवजी हाच प्रश्न कानावर येतो. एनईपी आल्यापासून इंटर्नशिपला क्रेडिट आहेत, त्यामुळे कुठेतरी चिकटणं भागच. कुणी बँकेत जातं, कुणी अॅड एजन्सीत, कुणी काकांच्या ओळखीने सही-शिक्का मिळवतं. आमच्या ग्रुपमधल्या एकीने मात्र वेगळंच नाव घेतलं. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन, दिल्ली. ‘तिथे हॅकिंग शिकवतात का?’ असा अतिशय बावळट प्रश्न एकाने विचारला. तो एक म्हणजे मीच.

तर हॅकिंग नाही. २०१५ मध्ये ‘सेव्ह द इंटरनेट’ मोहीम झाली. कुठली वेबसाइट स्वस्त आणि कुठली महाग हे मोबाइल कंपन्यांनी ठरवू नये म्हणून दहा लाखांहून जास्त ईमेल ‘ट्राय’कडे गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘ट्राय’ने अशा वेगवेगळ्या दरांवर बंदी घातली आणि फेसबुकला ‘फ्री बेसिक्स’ इथून गुंडाळावं लागलं. त्या मोहिमेतल्या लोकांनीच पुढे ही संस्था उभी केली. दिल्लीतच एसएफएलसी डॉट इन आहे, बंगळुरूमध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी आहे. तंत्रज्ञानाचे कायदे आणि नागरिकांचे हक्क जिथे एकमेकांवर आदळतात, तिथे या संस्था काम करतात.

हे सगळं दिल्लीतलं प्रकरण वाटत असेल, तर पालघर आठवा. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर झालेल्या बंदवर एका तरुणीने फेसबुकवर पोस्ट टाकली, दुसरीने ती लाइक केली आणि दोघींना अटक झाली. त्यावरून आयटी कायद्याच्या कलम ६६अ विरुद्ध सुप्रीम कोर्टात कोण गेलं? श्रेया सिंघल, वय २१. म्हणजे माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान. मार्च २०१५ मध्ये कोर्टाने ते कलम रद्द केलं. गंमत पुढेच आहे. रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस गुन्हे नोंदवतच राहिले, इतके की जुलै २०२१ मध्ये खुद्द सुप्रीम कोर्टाने त्यावर धक्का बसल्याचं म्हटलं. कोर्टापर्यंत हे पोचलं, कारण कुणीतरी बसून मेलेल्या कलमाच्या जिवंत केसेस मोजल्या होत्या.

अशा संस्थांमधल्या कामाचा मोठा भाग हाच. मोजणं. कोर्टात काळा कोट घालून उभं राहणं वगैरे नाही. माहिती अधिकाराचा अर्ज लिहा, दहा रुपये भरा, तीस दिवस थांबा, उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, आलेलं उत्तर एक्सेलमध्ये भरा. इंटरनेट बंदीचे आदेश शोधा. ते प्रसिद्ध करायला हवेत असं जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, तरी ते सहजासहजी सापडत नाहीत. कंटाळवाणं काम आहे. पण पत्रकारितेच्या तीन वर्षांत आम्हाला इतकं नेमकं काम कुणी दिलं नाही, हेही खरं.

आता नेमकं हेच हत्यार बोथट होतंय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्याबरोबर माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं. आधी माहिती वैयक्तिक असली तरी व्यापक जनहित असेल तर द्यावी, असं त्या कलमातच लिहिलेलं होतं. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढं म्हटलं की नकार देता येतो. जनहिताची तरतूद ८(२) मध्ये शिल्लक आहे असं सरकार म्हणतं. आहे, बरोबर. पण खिडकीवरचा अधिकारी पानं उलटून ८(२) पर्यंत जाईल का? खाजगीपणासाठी भांडणाऱ्यांनाच हा खाजगीपणाचा कायदा अडवतोय, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

आणि पैसे. दिल्लीत एक खोली, मेस, मेट्रो यांचा हिशेब मैत्रिणीने वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि पान उलटून टाकलं. सरकारी योजना आहेत की! पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिना पाच हजार मिळतात, पण देशातल्या मोठ्या ५०० कंपन्यांमध्ये, आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यांना त्यात जागा नाही. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दहा हजार आहेत, पण तीही शिक्षण संपवलेल्यांसाठी. संस्थांचं म्हणाल, तर परदेशी देणगी घेणाऱ्यांना २०२० पासून प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे, आधी ती ५० होती. इथल्या देणग्यांवर चालणाऱ्यांची तिजोरी छोटीच. मग अशा ठिकाणी पोचतं कोण? ज्याच्या घरून भाडं येतं तो. बहुतेकदा मोठ्या लॉ कॉलेजचा, इंग्रजीत लिहिणारा.

इथे मला खरा तोटा दिसतो, आणि तो संस्थांचाही आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात नेट बंद झालं. पोलिसांसाठी एआय वापरणारी ‘मार्व्हल’ ही कंपनी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये काढली. याची कागदपत्रं मागायची तर तालुक्याच्या, जिल्ह्याच्या भाषेत मागावी लागतात. ‘उपरोक्त विषयान्वये’पासून सुरू होणारं उत्तर वाचून त्यात नकार कुठे लपलाय हे ओळखायला दिल्लीतला हुशार विद्यार्थी कमी पडेल, आमची मैत्रीण नाही. तिला घरबसल्या हे काम देऊन कॉलेजने क्रेडिट द्यायला काय हरकत आहे? आमच्या विभागात विचारलं, तर ‘कंपनी लेटरहेड लागेल’ असं उत्तर आलं.

तिने अर्ज भरलाय, उत्तराची वाट बघतेय. तोवर आम्ही दोघांनी सराव म्हणून शहरातल्या सीसीटीव्हींचं फुटेज किती दिवस ठेवतात आणि त्यावर चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर चालतं का, हे विचारायचं ठरवलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप आणलाय. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. आमचा १६३ झालाय. ‘कृपया’ दोनदा आलंय, ते आधी काढतोय.