सीन आणि सा

धाकटीचा तजवीदचा वर्ग आठवड्यातून तीन दिवस, मगरिबनंतर लॅपटॉपवर भरतो. लॅपटॉप जुना, त्यावर उबुंटू. महिनाभर आपा तिला एकाच जागी अडवत होत्या, "बेटा, हा सीन आहे, सा नाही. जीभ दातांबाहेर का येते?" शेजारी बसून आम्हाला तर सीन स्वच्छ ऐकू येई. तरी आपांचं ऐकून आम्हीही एकदोनदा तिलाच रागावलो. शेवटी एके दिवशी ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवत ती म्हणाली, "मला कुरआन येणारच नाही."

त्या रात्री आम्ही तिचा आवाज दोनदा रेकॉर्ड केला, एकदा हेडफोनच्या माईकने, एकदा लॅपटॉपच्या. हेडफोनच्या रेकॉर्डिंगमध्ये सीन आणि सा खरोखरच सारखे लागत होते!

ब्लूटूथ हेडफोन दोन पद्धतींनी चालतो. नुसतं ऐकायचं तेव्हा ए-टू-डीपी, आवाज भरदार. पण कॉल सुरू होऊन माईक मागितला गेला, की लिनक्स त्याला आपणहून फोनच्या पद्धतीवर नेतं. साध्या हेडफोनमध्ये मग ४ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो. सीनची शिट्टीसारखी धार असते ती नेमकी तिथेच.

उपाय फुकट आहे. 'पॅव्हूकंट्रोल' हा प्रोग्राम टाकून घ्या. वर्ग चालू असतानाच त्यातल्या 'कॉन्फिगरेशन'मध्ये हेडफोनसाठी ए-टू-डीपी निवडा, मग 'रेकॉर्डिंग'मध्ये वर्गाच्या प्रोग्रामसमोर लॅपटॉपचा माईक. ऐकणं हेडफोनमधून, बोलणं लॅपटॉपला. आवाज बारीक जात असेल तर 'इनपुट डिव्हाइसेस'मधली पट्टी शंभरापर्यंत न्या. त्यापुढे नेली की पंख्याची घरघरही आपांपर्यंत पोचते. (टीव्हीला एचडीएमआय वायर लावल्यावर लॅपटॉप मुका होतो, तोही याच घराण्यातला प्रकार. आवाज टीव्हीकडे गेलेला असतो, तो 'प्लेबॅक'मधून परत आणता येतो.)

हेडफोन पुन्हा जोडला की कधीकधी जुनी पद्धत परत येते. म्हणून वर्गाआधी पाच मिनिटं आम्ही लॅपटॉप उघडून बसतो.

पुढच्या वर्गात आपांनी सूरह नास म्हणायला सांगितली. प्रत्येक आयत सीनवर संपते. पोरगी शेवटपर्यंत म्हणत गेली, आपांनी कुठेच थांबवलं नाही. मग त्यांनी विचारलं, "आज घरी कोणी शिकवलं?"

ती आमच्याकडे बघून हसली. आम्ही मात्र तिची माफी त्या रात्री जेवताना मागितली.