दोरीला दोन टोकं असतात

‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच’ असं ज्या कुणी म्हणून ठेवलंय, त्याच्या चिकाटीला आपला सलाम. पण मित्रांनो, एक गोष्ट लक्षात घ्या. या गृहस्थानं सगळी मेहनत घेतली ती शेपटावर! तेवढीच मेहनत दुसऱ्या टोकावर, म्हणजे डोक्यावर घेतली असती तर कुत्रंही शिकलं असतं आणि आपल्याला शाळेत ही म्हणही पाठ करावी लागली नसती.

विषय तसा साधा. कुत्र्याच्या पिल्लाला दोरीवर नीट चालायला शिकवणं. ‘आता मॅगझिनमध्ये हाच विषय राहिला होता काय रे?’ असं काही जण म्हणतील. हो, राहिला होता! कारण हॉस्टेलवर कुत्र्यांचे लाड करणारे पुष्कळ, कुत्र्यांना शिव्या घालणारे त्याहून पुष्कळ, आणि कुत्र्याला शिकवणारा मात्र शोधून सापडत नाही. शिवाय हा आता नुसता हौसेचा विषय राहिलेला नाही. तो कसा, ते पुढं येईलच.

सबमिशनच्या कृपेनं रात्रभर जागून जे कुणी पहाटे चहाच्या शोधात कुपवाडच्या रस्त्यावर बाहेर पडतात, त्यांनी हे दृश्य नक्की पाहिलं असेल. पुढं पाच-सहा महिन्यांचं कुत्रं, जीभ बाहेर, गळ्यातून घरघर आवाज. मागं दोन्ही हातांनी साखळी धरून तिरका झालेला मालक. कोण कुणाला फिरवतंय हा संशोधनाचा विषय! मधेच मालक हिसका देतो, ‘ए, गप चल की!’ म्हणून ओरडतो. कुत्रं दोन पावलं गप चालतं आणि पुन्हा रस्सीखेच सुरू. समोरून येणाऱ्या आजी लगेच रस्त्याची बाजू बदलतात. मालक लांबून सांगतो, ‘काय करत नाही हो ते!’ आजींचा काही विश्वास बसत नाही. माझ्या मते आजींचंच बरोबर आहे. स्वतःच्या हातातली दोरी ज्याला सांभाळता येत नाही, त्याच्या शब्दावर विश्वास का ठेवायचा?

कुत्रं ओढतं का? ‘माजलंय, दुसरं काय!’ हे ठरलेलं उत्तर. पण खरी कारणं वेगळीच आहेत. एक तर त्याच्या चार पायांना आपली दोन पायांची चाल म्हणजे बैलगाडी वाटते. दुसरं, त्याचं जग वासाचं. आपण रस्त्यावरच्या पाट्या वाचतो, ते विजेचे खांब वाचतं. प्रत्येक खांबावर त्याच्यासाठी ताजी नोटीस लागलेली असते, ती वाचल्याशिवाय पुढं कसं जायचं? आणि तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे ओढल्यानं काम होतं. कुत्र्यानं ओढलं, मालक फरफटत खांबापर्यंत गेला, वास मिळाला. हिशेब संपला!

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांना पेटीत कोंडून केलेले प्रयोग १८९८ साली प्रसिद्ध झाले. आतल्या आत धडपडताना मांजराकडून कधीतरी योग्य खटका ओढला जायचा, दार उघडायचं आणि बाहेर माशाचा तुकडा मिळायचा. पुढच्या प्रत्येक वेळी मांजर कमी वेळात बाहेर यायला लागलं. ज्या वागण्याचा शेवट गोड, ते वागणं प्राणी पुन्हा करतो, एवढंच सूत्र. म्हणजे ओढणारं कुत्रं अडाणी नसतं, उलट ते पास झालेलं असतं. फक्त आपण त्याला चुकीचा सिलॅबस शिकवलेला असतो.

आपल्या भागात मुळात दोरीची ओळखच चुकीची करून दिली जाते. बंगल्याचं गेट असो, मळ्यातली वस्ती असो नाहीतर एमआयडीसीतली शेड असो, ‘राखणीला कुत्रं पाहिजे’ म्हणून पिल्लू आणायचं आणि साखळीला बांधून टाकायचं. साखळी म्हणजे त्याच्यासाठी चार हातांचं जग. असं दिवसभर बांधलेलं कुत्रं जेव्हा दहा मिनिटं रस्त्यावर येतं, तेव्हा ते ओढणार नाही तर काय करणार? परीक्षा संपल्यावर हॉस्टेलची पोरं कशी गेटबाहेर सुटतात ते आठवा! आणि गंमत म्हणजे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. कलम ११ प्रमाणे कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं हिंडू-फिरू न देणं, तसंच प्राण्याला फार आखूड किंवा फार जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं, ही क्रूरता ठरते. दंड ऐकून मात्र हसू येईल. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये! एवढ्या दंडाला कोण भिणार?

याच्या अगदी उलट चित्र बघायचं असेल तर जत-आटपाडीकडच्या धनगरांची मेंढरं रस्त्यानं जाताना बघा. सोबतच्या कुत्र्याच्या गळ्यात दोरी नसते आणि साखळीही नसते. तरी ते मेंढरांच्या बाजूनं, मालकाच्या चालीनं चालत असतं. त्याला कुणी क्लास लावलेला नसतो. पिल्लू असल्यापासून रोज तेच काम आणि चुकलं की लगेच समजणारी तीच माणसं, एवढंच त्याचं शिक्षण. सरावात खंड नाही, म्हणून चालीत फरक नाही.

आता प्रत्यक्ष शिकवायचं कसं? यात रॉकेट सायन्स काही नाही. सुरुवात रस्त्यावर करायची नाही, खोलीत किंवा अंगणात करायची. आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लाला खाताना हलका पट्टा बांधा, पाच मिनिटांनी काढा. पट्टा विसरलं की हलकी दोरी जोडा आणि नजरेसमोर ती तशीच मागं ओढत फिरू द्या. मग दोरी हातात घ्या. पिल्लू आपणहून तुमच्या पायाशी आलं की तिथंच, पायाजवळच, खाऊ द्या. उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा पुरे. मात्र तासगावचा बेदाणा आपल्याला कितीही प्रिय असला तरी तो नको. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. चॉकलेट आणि कांदाही वर्ज्य. पार्व्होसारख्या रोगाच्या लसी पूर्ण होईपर्यंत, जिथं बाकीची कुत्री फिरतात तिथं पिल्लाला जमिनीवर सोडू नका. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात असते, ती जनावरांच्या डॉक्टरांना विचारून वेळेवर द्या.

रस्त्यावर आलात की नियम एकच. दोरी ताणली की गाडी बंद, दोरी सैल झाली की गाडी चालू. पिल्लानं ओढलं की जागेवर उभे राहा. हिसका नाही, शिवी नाही, भाषण नाही. खांबासारखं नुसतं उभं राहायचं. थोड्या वेळानं ते मागं वळून बघतंच, ‘काय झालं याला?’ म्हणून. दोरीत ढील आली की त्या क्षणी शाबासकी आणि पुढं चाल. फारच ओढत असेल तर उलट दिशेला वळा. आणि ज्या खांबासाठी सगळी धडपड, तो खांब हेच बक्षीस करून टाका. सैल दोरीनं खांबापर्यंत आलास, घे बाबा वास! पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांत गल्लीचं टोकसुद्धा गाठता येणार नाही. हरकत नाही. आपण किलोमीटर मोजायला निघालेलो नाही.

हिसका का द्यायचा नाही, हे इंजिनिअरिंगच्या पोरांना सांगायला नको. गळ्यावर मागं ओढ बसली की कुत्रं पुढं जोर लावतं. न्यूटनचा तिसरा नियम त्याला न शिकता येतो! गळा आवळणाऱ्या साखळीनं श्वासनलिकेला इजा होऊ शकते ते वेगळंच. फार ओढणाऱ्याला छातीवरून जाणारा, पुढच्या बाजूला कडी असलेला पट्टा बरा. आपल्याकडं कारवान किंवा शेजारच्या कर्नाटकातलं मुधोळ पाळणारेही आहेत. या मुधोळ हाउंडचं तर टपाल खात्यानं २००५ साली तिकीट काढलं. या जातींचं डोकं निमुळतं असतं, त्यामुळं साधा पट्टा मागं सरकून सहज निघतो. त्यांना रुंद आणि नीट बसणारा पट्टा लागतो. आणि मोटरसायकलला कुत्रं बांधून पळवणाऱ्या शूरवीरांना एकच विनंती, एकदा जागा बदलून बघा. एप्रिल-मे मध्ये तर दुपारी रस्त्यावर नेऊच नका. हाताची मागची बाजू डांबरावर पाच सेकंद ठेवा. आपल्याला सोसलं नाही तर त्याच्या पायालाही सोसत नाही.

सहाव्या महिन्यानंतर आणखी एक गंमत होते. शिकवलेलं सगळं विसरल्यासारखं पिल्लू पुन्हा ओढायला लागतं. घाबरू नका. हा वयाचा भाग आहे, सेकंड इयरला आपलंही तेच होतं. नियम तोच ठेवायचा, गाडी पुन्हा रुळावर येते.

आता हॉस्टेलवर येऊ. खरी गोम इथंच आहे.

हॉस्टेलच्या कुत्र्याला वीस मालक असतात. एक जण शिस्तीत थांबतो, दुसरा ‘जाऊ दे रे बिचारं’ म्हणून ओढू देतो, तिसरा अंगावर उड्या मारायला शिकवतो आणि चौथा त्याच उडीसाठी लाथ घालतो. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून दिसलेली गोष्ट अशी की, दरवेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधीमधी, बेभरवशानं मिळणाऱ्या बक्षिसानं लागलेली सवय जास्त चिवट असते. लॉटरीचं व्यसन सुटत नाही ते याच कारणानं. म्हणजे एकोणीस जण नियमानं वागले आणि विसावा चुकला, तर कुत्रं विसाव्याची वाट बघत ओढतच राहणार. पोलिसांच्या श्वानपथकात कुत्र्याला ठरलेला हॅन्डलर असतो तो उगीच नाही. आणि सुट्टी लागली की आपले वीसच्या वीस मालक एसटीत बसतात. मेसला कुलूप लागतं आणि ज्याला आपण माणसावर विसंबायला शिकवलं ते कुत्रं बंद दारापाशी बसून राहतं. याला प्रेम म्हणायचं का, याचा एकदा शांतपणे विचार व्हायला हवा.

हा विषय हौसेचा राहिलेला नाही असं मी वर म्हणालो, ते यासाठी. सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०२५ रोजी आदेश दिला, की शिक्षणसंस्था, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली भटकी कुत्री हलवावीत, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत आणि पुन्हा त्याच जागी सोडू नयेत. या आदेशावर हॉस्टेलच्या कट्ट्यावर दोन्ही बाजूंनी घसे कोरडे झाले. एक बाजू म्हणते अन्याय, दुसरी म्हणते बरं झालं. माझं म्हणणं दोन्ही बाजूंना आहे. चावलेल्या माणसाचं दुःख खोटं नाही. रेबीज एकदा लक्षणं दिसायला लागल्यावर जवळपास बरा होतच नाही, म्हणून चावा किंवा ओरखडा झाला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुऊन लगेच दवाखाना गाठायचा, यात ‘बघू उद्या’ चालत नाही. कुत्र्याला भिणारा मेसचा मामा किंवा झाडणारी मावशी कुत्र्याच्या शत्रू नाहीत. त्यांना निर्धास्त चालायचा हक्क आहे. पण ज्या कुत्र्याला आपण दोन वर्षं बिस्किटं टाकली, त्याला न्यायला गाडी आली तेव्हा ‘हे माझं आहे’ म्हणून पुढं येणारा एकही माणूस नसेल, तर तो दोष कुत्र्याचाही नाही आणि कोर्टाचाही नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आवारात पिल्लू आलं तर त्याला ‘सगळ्यांचं’ करू नका. एकानं नाव पुढं करावं, दुसऱ्यानं बदली म्हणून राहावं. दोघांचा नियम एकच. रेक्टर सरांना सांगून, त्यांच्या परवानगीनं, लस आणि दोरीचं शिक्षण तेवढं करावं आणि दोन-तीन महिन्यांत त्याला आवाराबाहेर हक्काचं घर शोधावं. एखाद्या कर्मचाऱ्याचं, एखाद्या मित्राच्या गावाकडचं, कुणाचंही. दोरीवर शहाण्यासारखं चालणारं, लसीचं कार्ड असलेलं पिल्लू घ्यायला माणूस तयार होतो. ओढणारं, उड्या मारणारं पिल्लू कुणाला नको असतं, मग ते कितीही गोंडस असो. आणि ज्याच्या घरी जाईल त्यालाही जबाबदारी समजावून सांगा. आपल्या प्राण्यापासून इतरांना धोका होऊ नये याची काळजी हलगर्जीपणानं घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

एवढं करायची तयारी नसेल तर? तर मग बिस्किटाचा पुडाही फोडू नका. ऐकायला कठोर वाटेल, पण अर्धवट माया कुत्र्याला महागात पडते.

दोरीचं एक टोक कुत्र्याच्या गळ्यात असतं, दुसरं आपल्या हातात. शिकवण्याची सुरुवात हाताकडच्या टोकापासून होते. थांबायचं कधी आणि ढील द्यायची कधी, हे आधी आपल्याला कळायला हवं. मग शेपूट खुशाल वाकडं राहू दे. चाल सरळ झाली तरी पुष्कळ!