मुखवटा आणि मुखपट्टी

विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात डॉक्टर आणि परिचारिकांच्या मुखावर पट्टी असते. चातुर्मासात स्थानकात विराजमान साधु-साध्वींच्या मुखावरही असते. करोनाकाळात या दोहोंची सरमिसळ झाली. आपल्या साधूंनी रोगजंतूंपासून बचावाचा उपाय आधीच शोधला होता, असे कौतुकाने सांगितले जाऊ लागले. अभिमान समजण्यासारखा आहे, परंतु हेतू निसटतो. मुखवस्त्रिका धारण करणाऱ्याच्या बचावासाठी नाहीच. बोलताना निघणाऱ्या उष्ण श्वासाने वायुकायिक जीवांची विराधना होऊ नये आणि शास्त्रग्रंथांवर थुंकीचे तुषार पडू नयेत, यासाठी ती आहे. स्थानकवासी व तेरापंथी ती दोऱ्याने बांधतात, मूर्तिपूजक साधू हाती धरतात. पूजेस बसणारा श्रावक आठपदरी मुखकोश बांधतो. ‘मुहपत्ती’चे प्राकृतातील एक रूप ‘मुहपोत्तिया’ असे आहे. त्यातील ‘पोत’ म्हणजे वस्त्र.

शस्त्रक्रियेतील मास्कचा आरंभही परहितातूनच झाला. ब्रेस्लाउ येथे कार्ल फ्ल्युगे यांनी बोलताना उडणाऱ्या तुषारांत जंतू असतात हे दाखविले आणि १८९७ मध्ये तेथील शल्यविशारद मिकुलिच मुखावर जाळीदार कापड बांधून शस्त्रक्रिया करू लागले. रक्षण करायचे होते ते रुग्णाच्या जखमेचे. वैद्याने स्वतःच्या रक्षणासाठीही मास्क बांधावा, हा आग्रह डॉ. वू लिएन-तेह यांनी १९१०-११ च्या मांचुरियातील प्लेगमध्ये धरला.

मुखवट्याची गोष्ट निराळी. भाद्रपदात मराठवाड्यातील घरोघरी महालक्ष्म्यांचे मुखवटे बसतात; तेथे मुखवटा काही लपवीत नाही, उलट देवतेला मुख देतो. सोंगाच्या मुखवट्यामुळे मात्र ढोंग हा अर्थ रूढ झाला. ‘मास्क’ हा शब्द अरबी ‘मस्खरा’पासून आला असे अनेक विद्वान मानतात, काहींना ते मान्य नाही. आपली ‘मस्करी’ त्याच अरबी घरातली.

लॅटिनमध्ये नटाच्या मुखवट्याला ‘पर्सोना’ म्हणत. त्यावरून इंग्रजी ‘पर्सन’ आला. संस्कृत ‘व्यक्ती’चा मूळ अर्थ मात्र प्रकट होणे. कायदा कंपनीला कृत्रिम व्यक्ती मानतो, म्हणजे तिचे कर्ज भागधारकाचे ठरत नाही. परंतु त्या आडोशाने फसवणूक झाल्यास न्यायालय पडदा दूर करून मागचा चेहरा पाहते, हे पेढीवर बसणाऱ्यांना निराळे सांगावयास नको.