'सूर्य उगवला नाही तर...' आणि जयंत नारळीकर



'सूर्य उगवला नाही तर' हा कल्पनाप्रधान निबंध तुम्ही कधी ना कधी लिहिलाच असेल. त्याचा साचाही तुम्हाला पाठ असेल. सुरुवातीला स्वप्न पडतं, मग शाळेला सुट्टी मिळते, मग झाडं सुकतात आणि शेवटी आई हाक मारते, "अरे ऊठ, सात वाजले!" झाला निबंध. दहापैकी आठ गुण.

तीन वर्षांपूर्वी मी हाच विषय आठवीच्या वर्गाला दिला होता. एका मुलीने लिहिलं होतं की, सूर्य सकाळी साडेसात वाजता अचानक नाहीसा झाला तर पहिली आठ मिनिटं कुणालाच काही कळणार नाही. कारण सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला तेवढा वेळ लागतो. त्या आठ मिनिटांत तिची आई भाकरी थापत असेल, बाबा सायकल पुसत असतील. सगळं नेहमीसारखंच, फक्त सूर्य नसेल.

मी तिला किती गुण दिले असतील? चार. खाली लाल शाईने शेरा मारला, 'मुद्देसूद नाही. सुविचार नाहीत. समारोप नाही.' त्यानंतर वर्षभर तिने गाइडमधले निबंध लिहिले आणि आठ-आठ गुण मिळवले. मला वाटलं, मुलगी सुधारली!

20 मे 2025 रोजी डॉ. जयंत नारळीकर गेले. त्या आठवड्यात मी त्यांची पुस्तकं पुन्हा वाचायला काढली आणि तो निबंध आठवून मला चक्क लाज वाटली. का, तेच आज सांगायचं आहे.

नारळीकरांचा जन्म 19 जुलै 1938 रोजी कोल्हापूरचा, पण बालपण गेलं काशीत. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. घरात भिंतीवर फळे होते. शिकायला आलेले मोरूमामा त्यावर छोट्या जयंतसाठी एखादं अवघड गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत, किंवा भाच्याने हार मानेपर्यंत, पुसायचं नाही! मला वाटतं, या लेखकाची पहिली प्रेरणा तो फळाच असावा. तिथे उत्तराची घाई नव्हती, प्रश्न मात्र रोज डोळ्यांसमोर होता. आपल्या वर्गातला फळा तास संपला की पुसला जातो.

पुढे केंब्रिजला त्यांना गुरू भेटले फ्रेड हॉइल. हे नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ, आणि विज्ञानकादंबऱ्याही लिहिणारे. हॉइल यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी 1957 सालची. त्यात अंतराळातून वायूचा एक प्रचंड ढग येतो आणि पृथ्वीवर येणारा सूर्यप्रकाश अडवतो. म्हणजे बघा, आपलाच निबंधाचा विषय! फरक एवढाच, की हॉइल यांनी आईला हाक मारायला लावून सुटका करून घेतली नाही. प्रकाश अडला तर तापमानाचं काय होईल, माणसं काय करतील, राज्यकर्ते कसे वागतील, हे त्यांनी शेवटपर्यंत तपासलं. मोठा शास्त्रज्ञ गोष्टी लिहू शकतो आणि त्यात कमीपणा नाही, हे नारळीकरांनी गुरूंकडे पाहूनच जाणलं.

1972 मध्ये ते भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. एका परिषदेत कंटाळवाणं भाषण चालू असताना त्यांनी कथा लिहायला घेतली. तिचं नाव 'कृष्णविवर'. पण स्वतःच्या नावाने पाठवली तर परीक्षक नावाकडे बघूनच गुण देतील, ही धास्ती. म्हणून जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी केली आणि लेखक झाले 'नारायण विनायक जगताप'. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली. पहिलं बक्षीस मिळालं, ते जगतापांना!

आम्हा शिक्षकांसाठी यात मोठा धडा आहे. नाव झाकून वाचलं तर लिहिलेलं खरं दिसतं. मी त्या मुलीचा निबंध वाचताना 'ही मधल्या बाकावरची, गप्प बसणारी' हे आधीच ठरवून बसलो होतो.

नारळीकरांच्या कथा म्हणजे प्रामाणिकपणे लिहिलेले 'जर-तर' आहेत. गोष्टीत एकच अद्भुत गोष्ट मान्य करायची आणि पुढे विज्ञानाचे नियम सोडायचे नाहीत. 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये डाव्याचं उजवं होतं, पण त्यामागे मोबियस पट्टीची कल्पना आहे. 'धूमकेतू'मध्ये धूमकेतू शोधणारे दत्तदा घरी परततात तेव्हा संकट टळावं म्हणून घरात यज्ञ चाललेला असतो. धूमकेतू दूरच्या आकाशातला, पण भांडण मात्र आपल्या घरातलं. म्हणूनच ती कथा जवळची वाटते.

आता आक्षेप. काही जण म्हणतात, त्यांची पात्रं फारशी लक्षात राहत नाहीत, कल्पनाच तेवढी राहते. हे मला बऱ्याच अंशी पटतं. पण त्यांना ते लेखन कुणासाठी करायचं होतं, तेही बघा. विज्ञान सोपं करून सांगणं हे त्यांनी आयुष्यभराचं काम मानलं. पुण्यात 'आयुका' उभारताना, संशोधन करताना ते मराठीतून लिहीत राहिले. इंग्रजीत लिहून जगभर वाचक मिळत असतानाही! 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला 2014 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि 2021 मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं.

दुसरा आक्षेप माझे सहकारी घेतील, "सर, परीक्षेत वेळ कुठे आहे एवढा विचार करायला?" मान्य. परीक्षेत नाही. पण वर्षभरात एक निबंध तरी असा द्या, ज्याला साचा नाही. तपासताना एकच बघा, 'तर'नंतर मुलाने खरंच विचार केला आहे का?

ती मुलगी परवा बाजारात भेटली. आता अकरावीत आहे. मी तिला म्हटलं, "तुझ्या निबंधाला मी चुकीचे गुण दिले होते." ती हसली. वही केव्हाच रद्दीत गेली होती. मग म्हणाली, "सर, मी पुढे चंद्राचंही लिहिलं होतं. त्याचा प्रकाश उसना, म्हणून तोही विझेल. तुम्ही तिथपर्यंत वाचलं होतं का?"

खरं सांगतो, नव्हतं वाचलं.

तर मुलांनो, आजचा गृहपाठ. विषय तोच, 'सूर्य उगवला नाही तर'. अट एकच, शेवटी आईने हाक मारायची नाही. आणि शिक्षकांसाठीही एक गृहपाठ. शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं.