कतरणीचे मोल आणि कापडी पोस्टकार्ड

कापडाच्या धंद्यात आपण दोनच मापे मानतो, मीटर आणि किलो. थानातून विकले ते मीटरवर आणि कटाईनंतर उरले ते किलोवर, चिंधीवाल्याच्या गोणीत. भिवंडी, मालेगावचे यंत्रमाग असोत की मुंबईचे तयार कपड्यांचे कारखाने, रिवाज हाच आहे. आमचे म्हणणे असे की या दोहोंशिवाय तिसरे माप आहे, ते नगाचे. हाताने बनवलेले सहा बाय चार इंचाचे कापडी पोस्टकार्ड हा त्याचा सर्वात छोटा आणि सर्वात कमी भांडवलाचा नमुना होय.

यावर काही बंधू हसतील. आज पत्र लिहितो कोण, असे विचारतील. त्यांनी इंग्लंडच्या कोव्हेंट्री शहराची हकीकत ध्यानात घ्यावी. तेथे रेशमी फिती विणणाऱ्यांची मोठी वस्ती होती. १८६० साली ब्रिटन व फ्रान्स यांच्यात व्यापारी करार झाला, फ्रेंच रेशमावरची जकात उठली आणि कोव्हेंट्रीचे माग थंडावले. कित्येक कुटुंबे देश सोडून गेली. त्याच शहरातील थॉमस स्टीव्हन्स याने मात्र जेकार्डच्या मागावर फितीऐवजी चित्रे विणली. १८६२ पासून पुस्तकात ठेवायच्या रेशमी खुणपट्ट्या आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीस रेशमी चित्रांची पोस्टकार्डेही त्याच्या कारखान्यातून निघाली. माग तोच, हुन्नर तोच, फक्त माप बदलले. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात फ्रान्स व बेल्जियममधील बायकांनी रेशमी जाळीवर भरलेली कार्डे सैनिकांनी विकत घेऊन घरी पाठवली. गिऱ्हाईक निरोपाचे पैसे देत नाही, आठवणीचे देतो.

आता कृती. वर कापड, मध्ये कडक बकरम आणि मागे जाड कागद किंवा पांढरे सुती कापड, असे तीन थर असतात. चिकटणारे बकरम घेतले तर इस्त्रीनेच काम होते. कडा झिगझॅग टाक्याने बंद कराव्यात. कागदातून शिवताना सुई लवकर बोथट होते, म्हणून ती वेगळी ठेवावी. मागे कापड असेल तर शाई फुटते, पत्ता पक्क्या शाईच्या पेनानेच लिहावा. हिशेब पाहा. ४४ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडातून दोन्हीकडची किनार सोडली तरी ६० तुकडे निघतात. कतरणीतून काढले तर कापडाचा खर्च नावापुरताच उरतो.

पाठवताना एक सावधगिरी हवी. कापडी कार्ड जाड असते, त्याला साध्या पोस्टकार्डाचा दर लागेल असे धरून चालू नये. खिडकीवर वजन करून पत्राचे तिकीट लावावे. तिकीट कमी पडले तर टपाल बैरंग होते आणि भुर्दंड घेणाऱ्याला बसतो. जरदोजी, टिकल्या किंवा मणी असलेले कार्ड पाकिटात घालूनच पाठवावे, नाहीतर शिक्क्याखाली काम चिरडते.

गिऱ्हाईक कोठे आहे? पहिले तर आपल्याच घरी आहे. मोबाईलच्या संदेशांनी ईद कार्डांचा रिवाज जवळपास संपवला, तो कापडी कार्डाने पुन्हा जागवता येईल. निकाहच्या जोड्यातून उरलेल्या कापडाची आभारपत्रे करता येतील. छत्रपती संभाजीनगरात बीबी का मकबरा, वेरूळ पाहायला येणारा प्रवासी हिमरूची शाल घेईलच असे नाही, हिमरूच्या तुकड्याचे कार्ड घेईल आणि तेथूनच घरी टाकेल. शिवाय घाऊक व्यापाऱ्याला मोबाईलवरच्या फोटोत कापडाचा पोत कळत नाही. नव्या मालाचा तुकडा कार्ड करून पाठवला तर तो हाताने चाचपून पाहतो. दुकानाचे नाव त्याच्या गल्ल्यापाशी राहते ते वेगळे.

नक्षीसाठी बुटी, वेल, जाळी यांचा खजिना आपल्याकडे आहे. मात्र कुरआनची आयत किंवा अल्लाहचे नाव उघड्या कार्डावर कोणी काढू नये. टपाल थैलीत फेकले जाते, जमिनीवर पडते, कचऱ्यातही जाते. ईद मुबारक लिहिले तरी पुरे.

आता मुद्द्याचे बोलू. हे काम घरबसल्या बायकांकडे जाणार हे उघड आहे, आणि घरबसल्या कामाची आपल्या मोहल्ल्यांतील रीत सर्वांना ठाऊक आहे. दर दलाल ठरवतो, धागा बाईचा, वीज बाईची, आणि एक टाका वाकडा गेला की कपात. कार्ड छोटे म्हणून मजुरीही छोटी, असा हिशेब मांडणारे पुष्कळ निघतील. आम्हाला तो नाजायज वाटतो. घड्याळ लावून दहा कार्डे करून घ्यावीत, किती वेळ लागला ते पाहावे, सरकारी किमान वेतनाशी ताडावे आणि मग नगाचा दर ठरवावा. धागा व वीज त्यात वेगळी धरावी. कारीगराची हरकत नसेल तर कार्डामागे तिचे नाव लिहावे. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची आपल्या दीनची ताकीद भिंतीवर लावण्यासाठी नाही.

या हिशेबाने कार्ड महाग पडते, असे कोणी म्हणेल. पडू द्यावे. स्वस्त माल यंत्र आपल्यापेक्षा चांगला करते आणि त्या शर्यतीत हाताचा कारीगर कधीच जिंकणार नाही. हाताची किंमत हाताला पोचवून जो नफा उरेल त्यातच बरकत आहे. येत्या ईदपूर्वी प्रत्येक दुकानदाराने कतरणीची एक गोणी चिंधीवाल्याला न देता मोहल्ल्यातील चार कारीगर बायकांना, आगाऊ मजुरीसह, देऊन पाहावी.